परिषदेला मी एकटी जाणार होते

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या पडवीत पोरांना खिचडी वाढत होते. पुण्यातले मेंदूचे डॉक्टर. आमच्या मालकांवर पहिल्यापासून त्यांचेच उपचार. म्हणाले, बंगळूरला परिषद भरतेय, स्मृतीवर संशोधन करणाऱ्यांची. देशभरातून लोक येणार. त्यात पेशंटच्या घरच्यांनी बोलायचं एक सत्र आहे, तुम्ही दोघं या. मी म्हटलं, साहेब, हातात पळी आहे, नंतर बोलू.

दोघं म्हणजे मी आणि हे. काही वर्षांपूर्वी हे भोरच्या कॉलेजातून आमच्या पोरीला मोटरसायकलवर घरी आणत होते. कापूरहोळच्या अलीकडं मागून टेम्पोनं उडवलं. पोर जागेवर गेली. हे वाचले, पण डोक्याला मार असा बसला, की जुनं सगळं आठवतं आणि नवं काही म्हणता काही टिकत नाही. समोरचा चहा निवायच्या आत काय बोलणं झालं ते पुसलं जातं. अपघात आठवत नाही, त्याच्या आधीचे काही महिने आठवत नाहीत. बाकी माणूस धडधाकट आहे. धार काढतात, भात लावतात, पत्त्यांत मला हरवतात. आणि दिवेलागणीला दारात उभे राहून विचारतात, पोर कुठं हाय?

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन-तीनदा खरं सांगून पाहिलं. दर वेळी त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच. शेवटच्या वेळी त्यांनी भिंतीवर कपाळ आपटून घेतलं, टाके पडले. डॉक्टरांनीच सांगितलं, आता बास. त्या संध्याकाळी परत विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, मामाकडं गेलीय, विंझरला. चेहरा लगेच निवळला त्यांचा. म्हणाले, मग उद्या जातो आणायला. तेव्हापासून आमच्या घरात रोज हे दोनच संवाद.

आमच्या मार्गासनीत कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही, पण सगळं गाव तेच सांगायला लागलं. गिरणीवाला, डेअरीवरचे गडी, माझ्या वर्गातली दुसरीतली चिल्लीपिल्लीसुद्धा. ह्यांनी विचारायचा अवकाश, की मामाकडं! एरवी हे गाव वीतभर बांधावरून डोकी फोडणारं. पण ह्या एका गोष्टीत कधी कुणी चुकलं नाही. उपकार आहेत गावाचे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच उपकारानं माझा गळा आवळला होता. आमच्याकडं माणूस गेलं की बाया गळ्यात पडून रडतात. नात्याची नाही गोत्याची नाही अशी बाईसुद्धा चार शब्द घालून रडते. माझ्या गळ्यात कुणी पडलं नाही, कारण हे सदा घरात. दहावा माझ्या भावानं विंझरला नदीवर उरकला, तेव्हा मी दवाखान्यात ह्यांच्या उशाशी बसले होते. माझी पोर गेली, हे वाक्य मी आजवर तोंडानं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

तर मला बंगळूरला जायचं होतं ते काही विज्ञानासाठी नाही. चुलीत घाला ते विज्ञान. मला परक्या मुलखात, परक्या माणसांपुढं ते वाक्य एकदा बोलायचं होतं. आणि मग खोलीचं दार लावून, तोंडात पदर न कोंबता रडायचं होतं. एवढ्यासाठी कोण भाडं देतं? हे लोक देत होते.

ह्यांना न्यायला मी साफ नकार दिला. डॉक्टरांनी समजावलं, सगळं गाव मिळून एका माणसाला सांभाळतं, ही अभ्यासण्यासारखी गोष्ट आहे. मी म्हटलं, मग अभ्यास करणाऱ्यांनी इकडं यावं, भाकरी खावी आणि विचारल्यावर मामाकडं म्हणावं. भरल्या सभेत कुणी दीडशहाण्यानं ह्यांना मुलं किती विचारलं तर तिथं काय करू मी? डॉक्टर भला माणूस आहे. म्हणाले, तुम्ही एकट्या या.

मग तयारी सुरू झाली. परिषदेचं काम बघणारी एक मुलगी होती, गोड बोलायची, पण मेलवर मेल. रेल्वे की विमान? जेवण शाकाहारी की मांसाहारी? सोबत कुणी आहे का? राहणार किती रात्री? पोरीच्या मरणाचं सांगायला जायचं, त्यात मटण चालेल का विचारतात. मी शाकाहारी लिहिलं आणि रेल्वे लिहिलं. पहिल्यांदाच विमानात बसून पोट ढवळलं तर बोलणार काय, कप्पाळ! रजेचा अर्ज घेऊन वेल्ह्याला तालुक्याच्या कचेरीत गेले, तर तिथले साहेब विचारतात परिषद कसली. म्हटलं, आठवणीची. म्हणजे पाठांतराची का, म्हणाले. मी हो म्हणून सही घेतली. मेलेल्या कोंबड्याला आगीचं भय नसतं, तसं माझं झालं होतं.

मोठा प्रश्न मी नसताना घरात कोण राहणार हा. भोरहून नणंदबाई यायला तयार झाल्या. मायाळू बाई, पण बोलायला लागल्या की थांबत नाहीत, ह्याचाच मला घोर. मी त्यांना बसवून पढवलं. पोर विचारली की मामाकडं. माझं विचारलं की शाळेचं ट्रेनिंग आहे पुण्याला, सांजच्याला येतील. दुसरा शब्द नको. त्या म्हणाल्या, आगं, म्या काय कुकुलं बाळ हाय व्हय? मला हसू आलं आणि धीरही आला.

एवढ्यात त्या मुलीचा आणखी एक मेल. पडद्यावर दाखवायला तुमच्या मुलीचा फोटो पाठवा. आता फोटो आमच्या घरात नाही. हार घातलेला फोटो ह्यांच्या डोळ्यांपुढं लावणार कसा? तो लावलाय विंझरला भावाच्या माजघरात. खाली जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख, सगळं रीतसर. हे विंझरला जाणार असले की आधी फोन करायचा; मग वहिनी फोटो काढून पलंगाखाली सारते. फोन केल्याशिवाय ह्यांना घेऊन जायचं नाही, हा नेम. मी रविवारी जाऊन हार बाजूला केला आणि मोबाईलवर फोटो काढला. काचेत माझंच डोकं येत होतं. वहिनीनं बाजूनं चादर धरली तेव्हा कुठं तो नीट निघाला. तेवढ्यात दारात शेजारीण आली, म्हणून तिथंही डोळे पुसून घेतले.

निघायच्या दिवशी पहाटेचीच एसटी धरली. हे गोठ्यात होते. मी सांगितलं, जाऊन येते. ते म्हणाले, नीट जा, आणि परत शेण ओढायला लागले. पुणे स्टेशनवर पोचले तर गाडीला पुष्कळ अवकाश होता. बाकावर बसून मी कागद काढला. त्यात पहिलंच वाक्य ते होतं. ओठातल्या ओठात म्हणून बघत होते, तोवर नणंदबाईंचा फोन. वहिनी, दादा घरात न्हाई!

हळूहळू सगळं बाहेर आलं. हे न्याहारीला बसले आणि विचारलं, ही कुठं गेली? नणंदबाईंना वाटलं, पुणं म्हटलं तर लांब वाटेल, भाऊ काळजी करील. म्हणून आपलं जवळचं सांगितलं, माहेरी गेल्यात. आणि पोर? ती बी तिकडंच. झालं! सण नाही, वार नाही, कुणाचं लग्न नाही, आणि बाई पोरीला घेऊन माहेरी गेली, तर आमच्याकडं त्याचा एकच अर्थ होतो. भांडून गेली. मग नवऱ्यानं खाली मान घालून आणायला जायचं असतं. नणंदबाई धुणं वाळत घालेपर्यंत ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि स्टँड गाठला. तिथं विंझरचा एक जण मोटरसायकलवर भेटला. ह्यांनी सांगितलं, बायको-पोर आणायला चाललोय, सोड मला. त्यालाही सगळं माहीत. माहीत म्हणूनच तो बिचारा नाही म्हणू शकला नाही. चहा निवायच्या आत त्यानं ह्यांना माझ्या भावाच्या दारात उतरवलं.

मी विंझरला वहिनीला फोन लावला. ती हुंदके देत होती. "ताई, दाजी सरळ माजघरात आले वो. फोटो बघितला त्यांनी."

मी ओरडले, आधी फोटो काढून घे, त्यांना बाहेर ओट्यावर बसव, चहा दे, थोड्या वेळानं जाईल डोक्यातनं. वहिनी म्हणाली, तेच तर करायला गेले, पण त्यांनीच फोटो भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलाय, हात लावू देत नाहीत. रडतात, विसरतात, मग परत खाली बघून तारीख वाचतात, की परत पहिल्यापासून. तिळतिळ मारणं म्हणतात ते हेच. मी म्हटलं, फोन दे त्यांच्याकडं. माझं खोटं तयार होतं. सांगणार होते, कुणीतरी वाईट थट्टा केलीय, पोर माझ्याजवळ बसलीय.

पण आधी तेच बोलले. "कुठं हाईस तू?"

"पुण्यात. शाळंच्या कामाला आले."

"संगं कोन हाय का?"

मी म्हटलं, का हो?

"न्हाई, आदी कुठंतरी खाली बस. बसलीस का?"

मी बाकावर बसलेलीच होते, तरी म्हटलं, बसले.

"हे बघ, घाबरायचं न्हाई. म्या हाय. आपली पोर गेली गं. मला बी आत्ताच कळलं."

माझं तयार खोटं तसंच राहिलं. इतक्या वर्षांत मला ही बातमी अशी कुणी दिलीच नव्हती. दवाखान्यात कुणीतरी कागद पुढं करून सह्या घेतल्या होत्या. मी त्या फलाटावर जो हंबरडा फोडला, तो आमच्या बाया फोडतात तसा. हमाल थांबले, पोरं बघायला लागली, एक म्हातारी येऊन माझं डोकं धरून उभी राहिली. फोन कानाला होता. पलीकडं हेही रडत होते. मला म्हणत होते, रड, रड, म्या हितंच हाय. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांचा आवाज हळूहळू शांत झाला. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? आणि फोन वहिनीकडं दिला.

बंगळूरची गाडी लागली आणि गेली. मी परिषदेच्या त्या मुलीला कळवलं, येणं होत नाही. तिचा उलट निरोप आला, वाईट वाटलं, पण ऑनलाइन बोलता येईल का? मी मोबाईल पिशवीत टाकला आणि स्वारगेटची रिक्षा केली.

विंझरला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. फोटो वहिनीच्या हाती लागला होता, माजघराची भिंत मोकळी होती. हे ओट्यावर बसून भावाच्या वासराला खाजवत होते. डोळे सुजलेले, पण मजेत. मला बघून उठले. म्हणाले, तुला आणि पोरीला न्यायला आलोय, कवाधरनं वाट बघतोय. अंगातला इस्त्रीचा सदरा आणि सासुरवाडीचा ओटा बघून त्यांनी तेवढं ताडलं असणार. मग जवळ येऊन त्यांनी माझं तोंड नीट निरखलं. त्यांची मुद्रा बदलली, आवाज खाली आला.

"काय झालं गं? कोन गेलं का?"

माझ्या डोळ्यांना परत धार लागायला आली होती. खरं सांगितलं असतं, तर चहा निवेपर्यंत मला रडायला माझं माणूस मिळालं असतं.

"कुणी न्हाई," मी म्हणाले.