वेशीबाहेरची हजेरी

काशिनाथ मास्तर आमच्या पडवीत नऊ वर्षं राहिले. वेंगुर्ल्याकडचे, एकटे, आणि हजेरीच्या बाबतीत यमाचे सख्खे भाऊ. घंटा झाली की एक पाय उंबरठ्यात असलेलं पोरही गैरहजर. मी एकदा म्हटलं, "मास्तरांनू, अर्धो तरी हजर लावा त्येका." हसले नाहीत.

दहावीला बसायचं तर शंभरातले पंच्याहत्तर दिवस शाळेत हवेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी आपली दुसरीपर्यंतची. एका वर्षी भिकाजीची लक्ष्मी दोन दिवस कमी पडली. मास्तरांनी तिचा फॉर्म अडवला. पुढे ती वेंगुर्ल्यातच काजूच्या कारखान्यात लागली. सुट्टीत घरी गेलेल्या मास्तरांना बाजारात भेटली, काजूच्या तेलाने बोटं काळी पडलेली. "बरे आसात मां, सर?" एवढंच विचारलं तिने. परत आले ते ताटावर नुसते बसून. म्हणाले, "अक्का, तिने शिव्या दिल्या असत्या तर जेवलो असतो."

मग चौऱ्याऐंशी साल. परशुरामाची तुळसा दहावीत. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून भातकापणीभर पोरगी शेतात. त्यात मार्गशीर्षात देवाने गावपळणीचा कौल दिला. आमच्याकडची रीतच ती: काही वर्षांनी सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतो, आत कुणी पाऊल टाकायचं नाही. शाळेला टाळं. मास्तरांनी आमच्या चुलीतला कोळसा उचलला, कातळावर गणितं मांडली आणि दहावीचा वर्ग भरवला. पोरं कुरकुरली, "सर, हय देव पण रजेवर आसा!" तुळसा मात्र खोपीत आईला पेज भरवून तिन्ही दिवस धावत आली.

जानेवारीत मास्तरांनी दिवस मोजले. तुळसा बरोबर तीन दिवस कमी.

मास्तर पडवीत येरझाऱ्या घालू लागले. "हजेरीपट शाळेत, शाळा वेशीच्या आत. हजेरी घेतलीच नाही मी. शाळा बंद होती, अक्का."

"टाळा लागला ता कौलांच्या घराक. कातळार शिकवी होतो तो कोण? तुमचो भूत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आलेल्या सगळ्यांची हजेरी मांडली, बाजूला 'वर्ग वेशीबाहेर भरला' असं लिहून सही केली. हेडसर कपाळाला हात लावून म्हणाले, "काशिनाथ, उद्या लग्नाच्या मांडवात शाळा भरवाल!"

फॉर्म गेला, पाठोपाठ कुणीतरी तक्रारही पाठवली. फेब्रुवारीत चौकशीला साहेब आले. "ही हजेरी त्याच दिवशी घेतलीत?" 'हो' म्हणाले असते तर सुटले असते. पण मास्तर म्हणाले, "नाही. महिन्याने लिहिली. मुलं मात्र त्याच दिवशी आली होती."

फॉर्म रद्द होणार की काय, हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत कळेना. तुळसा रोज आमच्या अंगणात येऊन मास्तरांच्या तोंडाकडे बघायची आणि न विचारताच परत जायची. शेवटी तिला बसू दिलं. मास्तरांच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा पडला आणि संस्थेने त्यांची लांबच्या शाळेत बदली केली.

जूनमध्ये निकाल लागला. तुळसा गणितात नापास.

गावाला खाद्यच मिळालं. "मास्तर घालवलो नि मार्कंय घालवले!" मास्तर ट्रंक बांधत होते तेव्हा ती आली. मान वर करीना.

"सर, माझ्यापायी तुमका..."

"किती पडले?"

"एकतीस."

"चार कमी. ऑक्टोबरात परत बस. आता तुका हजेरी कोण विचारूचो नाय." नऊ वर्षांत विद्यार्थ्याशी ते मालवणीत बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "फॉर्म एकदा गेलो की गेलो. पुस्तक खंय आसा तुझा?"

"घराकडे."

"मग उभी कित्याक? धाव!"

एसटीला तासभर होता. गणितं शिकवता शिकवता ती त्यांची चुकली. संध्याकाळचीही चुकली असती, पण मीच ओरडले.