उताऱ्यावर नाव होतं

ते प्रकरण आठवलं की आजही पहिला राग येतो तो माझाच.

तेव्हा मी अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. वऱ्हाडात ते दिवस वाईट होते. गावोगावी अकस्मात मृत्यूचे पंचनामे करून आम्ही थकलो होतो. ज्यात मारामारी नाही, रक्त नाही, अशी तक्रार कोणी आणली की ती आम्हाला हलकीच वाटायची.

एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच एक शेतकरी एका वयस्कर मुस्लीम बाईंना घेऊन आला. बाई अकोल्यात जठारपेठेत एकट्या राहत. नवऱ्यामागे त्यांच्या नावावर बाळापूरकडे चार एकर वावर आलं होतं आणि हा शेतकरी ते वर्षानुवर्षे बटईने, पिकाच्या वाट्यावर, करत होता. दोन अनोळखी माणसं येऊन धुरे, म्हणजे बांध, पावलांनी मोजून गेली, वावर विकलं गेलं म्हणाली, असं त्याने सांगितलं.

ठाण्यातल्या संगणकाचं मला भारी कौतुक. तिथल्या तिथे ऑनलाइन सातबारा काढला. बाईंचं नाव ठळक दिसत होतं. पडदा त्यांच्याकडे फिरवून मी म्हणालो, "नाव तुमचंच आहे. निर्धास्त घरी जा."

शेतकरी घुटमळला. "साहेब, तहसीलीत जाऊन पायलं तर?"

मी हसून त्याला वाटेला लावलं. उतारा फक्त माहितीसाठी आहे, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. न वाचता सही करणाऱ्यांना मी एरवी चांगला झापत असे.

महिनाभराने शेतकरी एकटाच आला. वावराला तारेचं कुंपण पडलं होतं. मी पुन्हा उतारा काढला, तर नाव दुसऱ्याचंच. तलाठ्याकडे चौकशी केल्यावर सगळं उलगडलं. मी बाईंना परत पाठवलं त्या दिवशी विक्रीचा फेरफार, म्हणजे मालक बदलल्याची नोंद, कागदावर धरलेला होता, नोटीस गावच्या चावडीवर लागली होती आणि हरकतीचे दिवस चालू होते. पडद्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. मुदत संपली, नोंद मंजूर झाली आणि कागदोपत्री घेणाऱ्याने लगेच वावर एका व्यापाऱ्याला विकलं. त्या व्यापाऱ्यानेही मोबाइलवर उतारा पाहूनच सौदा केला होता.

गुन्हा दाखल करताना बाईंचा जबाब लिहून घेतला आणि सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. बुरख्यातली म्हातारी म्हटल्यावर आमच्याकडे जास्त विचार कोण करतो? बाईंनी टेबलावरचा पेन उचलला आणि वळणदार मराठीत सही केली. त्या उर्दू शाळेत शिक्षिका होत्या. मी ओशाळलो. दुसऱ्या दिवशी खरेदीखताची नक्कल हाती आली, त्यावर सहीच्या जागी बाईंच्या नावाने उभ्या केलेल्या कुणा तोतया बाईचा अंगठा होता. ठगांनीही माझ्यासारखाच विचार केला होता! बाईंची ओळख पटवणाऱ्या दोन साक्षीदारांना आणलं. दुपारपर्यंत एकाने नाव सांगितलं. तहसीलीजवळ उतारे काढून देणारा एक दुकानदार. त्याला आणून समोर बसवलं.

खोटं बोलणारा माणूस पाय हलवतो, असा माझा अनुभव. याचे पाय स्थिर होते, कारण तो खरंच सांगत होता.

"साहेब, मी कोणाच्या घरात घुसलो नाही. नाव टाकलं का वावर दिसते. फेरफार वाचला का नवरा मेला हे समजते, लेकरू नाही हे बी समजते. मले फक्त एकटी बाई पायजे होती."

लोकांचे हेलपाटे वाचावेत म्हणून केलेली सोय याचेही हेलपाटे वाचवत होती, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

आरोपींना शिक्षा झाली, मला शाबासकी मिळाली. वावर मात्र परत मिळालं नाही, कारण खरेदीखत रद्द करणं हे दिवाणी न्यायालयाचं काम. बाई एकदा ठाण्यात आल्या. रागावलेल्या नव्हत्या.

"साहेब, त्या दिवशी तुमी 'मले यातलं समजत नाही' एवढंच म्हटलं असतं, तर मी तहसीलीत गेली असती."

खाकी अंगावर असली की आपला अंदाजही लोकांना हुकूम वाटतो, हे नोकरीत फार उशिरा शिकलो. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

पुढे दिवाणी दाव्यात मला साक्षीला बोलावलं. मुदतीत हरकत का घेतली नाही, असं व्यापाऱ्याच्या वकिलाने बाईंना विचारलं. मी पोलिसांत गेले होते, असं त्यांनी सांगितलं. वकिलाने ठाण्याची डायरी पुढे केली. त्या तारखेला त्यांची नोंद नव्हती. मी केलीच नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मला फक्त अंगठ्याबद्दल विचारलं गेलं. मी अंगठ्याबद्दल सांगितलं आणि पिंजऱ्यातून खाली उतरलो. बाई समोरच्याच बाकावर बसल्या होत्या. माझं नाव त्यांनी तिथेही घेतलं नाही.