पडदेमास्तरांची खोटी भिंत

पडदेमास्तरांनी रंगवलेल्या राजवाड्यात मी चौदा वर्षं राज्य केलं. पडदा वर गेला की माझ्या तोंडून पहिला शब्द फुटायच्या आत टाळी पडायची, आणि ती माझ्यासाठी नसायची, मागच्या कमानींसाठी असायची. डोक्यावर मुकुट आणि आत नुसती आग. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मास्तरांच्या मत्सराबद्दल बोलताना माझा आवाज फार सात्त्विक लागणार नाही.

पुढे आमची नाटक कंपनी बंद पडली. मी म्हातारा झालो. मास्तर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ते दुकानांच्या पाट्या आणि प्रदर्शनांचे मंडप रंगवू लागले. दोन खोल्यांचं घर कर्जावर घेतलेलं, हप्ते वेळच्या वेळी जात होते. सगळं ठीक होतं. फक्त त्यांना एक साडू होता.

वहिनींच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. फरश्यांचं दुकान, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणत. माणूस वाईट असता तर मास्तरांचं काम सोपं झालं असतं. पण शेठ हसतमुख, सढळ हाताचा, आणि घरी आला की निघताना हमखास म्हणायचा, "मास्तर, काही लागलं तर सांगा हं!" त्या दिवशी मास्तरांना जेवण गोड लागत नसे.

शेठनं मोठा टीव्ही घेतला. महिन्याभरात मास्तरांकडे त्याहून मोठा आला. शेठकडे चामडी सोफा आला. मास्तरांकडेही आला, पण तो दारातून आत जाईना, म्हणून खिडकीचे गज कापावे लागले. सगळं क्रेडिट कार्डावर. एकाची मर्यादा संपली की दुसरं, दुसऱ्याची किमान रक्कम भरायला तिसरं. वहिनींना वाटायचं, मंडपांची कामं जोरात चाललीयत.

देणं पाच लाखांवर गेलं तेव्हा मास्तर माझ्याकडे आले. ते मला अजून महाराज म्हणतात.

"महाराज, घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत नेतोय. घराची किंमत वाढलीय, तिच्यावर पाच लाख जादा मिळतात. कार्डांचं व्याज चाळीस टक्के, घराचं नऊ. एका फटक्यात मोकळा!"

"आणि वहिनी?"

"घर दोघांच्या नावावर आहे, तिची सही लागेल. तिला सांगितलंय, व्याज कमी होतंय म्हणून बँक बदलतोय. खोटं नाही ते."

"खरंही अर्धंच आहे," मी म्हटलं.

बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला येणार होता, आणि बाहेरच्या खोलीतली एक भिंत ओलीनं पार सोलली होती. दुसऱ्या कुणी गवंडी बोलावला असता. आम्ही दोघं पडलो नाटकवाले. लाकडी चौकटीवर कापड ताणून मास्तरांनी त्यावर भिंत रंगवली. तोच फिकट पिवळा रंग, कोपऱ्यातला किंचित काळोख, एक खिळा, आणि त्या खिळ्याची सावलीसुद्धा. मागून टेकू द्यायला जागा हवी, म्हणून ती खऱ्या भिंतीच्या दीड फूट पुढे उभी केली. वहिनींनी कपाळावर हात मारला. मी दारातून पाहिलं, आणि अशा भिंतींपुढे जन्म काढलेला मीही फसलो. पोटात तेच जुनं दुखलं. या माणसाचा हात मला का नाही मिळाला?

बँकेचा माणूस आला. सोफ्याकडे त्यानं पाहिलं नाही, टीव्हीकडे नाही. खिशातून मोजायचं यंत्र काढून भिंतीवर लाल ठिपका टाकला, मग नकाशा उघडला, मग पुन्हा ठिपका.

"नकाशात बारा फूट आहे. इथं साडेदहा भरतंय."

"यंत्र जुनं झालं असेल," मास्तर म्हणाले.

"मागच्याच महिन्यात घेतलंय. भिंत पुढे घेतलीत का? विनापरवाना बदल लिहिला तर कर्ज मिळणार नाही."

प्रेक्षक मोजपट्टी घेऊन येतो, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. हात मोकळे करायला त्यानं आपली बॅग खिळ्याला अडकवली. बॅग धपकन खाली पडली आणि भिंत हलली.

मग आम्ही ती निमूट बाजूला केली. त्यानं ओल पाहिली, खोली पुन्हा मोजली, हसू दाबत लिहून घेतलं. "ओलीपायी थोडी किंमत कमी होईल. पण तुमचे पाच लाख जादा बसतील."

"कसले पाच लाख?" वहिनींनी विचारलं.

तो गेल्यावर मास्तरांनी सगळं सांगितलं. मी जायला उठलो, तर वहिनी म्हणाल्या, "बसा महाराज, तुम्हीही भिंत धरायला होतातच."

मग मास्तरांकडे वळल्या. "कार्डांचे पैसे थकले असते, तर फोनवर चार शिव्या खाल्ल्या असत्या. आता थकले तर घर जाणार. आणि हे माझ्या सहीनं, मला न सांगता!"

त्यांनी बहिणीला फोन लावला. पाचच मिनिटांत शेठचा उलट फोन. "मास्तर, पाच लाख ना? उद्या पाठवतो. व्याज कसलं घ्यायचं घरच्यांकडून?"

मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. फोन ठेवून म्हणाले, "नको. बँकेकडूनच घेईन."

"आठ वर्षांत दोन लाख व्याज जाईल!" वहिनी ओरडल्या.

"जाऊ दे."

"का पण?"

मास्तर सोफ्यावरची धूळ झटकू लागले. वहिनी म्हणाल्या, "का नको ते तोंडानं त्यांच्यासमोर सांगून या. तोवर सही नाही."

तीन दिवस मास्तर खोटं कारण शोधत होते. चौथ्या दिवशी मला घेऊन शेठकडे गेले. शेठनं चहा पुढे केला. मास्तरांनी कपाला हात लावला नाही.

"शेठ, तुमचे पैसे नकोत. तुमचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. त्यात पैसे घेतले तर तुमच्यासमोर मान वर करता येणार नाही."

शेठनं कप आणखी पुढे सरकवला. मग म्हणाला, "मग व्याज लावू? बँकेहून अर्धा टक्का जास्त?"

मी मोठ्यानं हसलो. मास्तर हसले नाहीत, पण चहा प्यायले.

परतताना त्यांनी विचारलं, "तो छताचा दिवा नवा होता ना?"

"माझं लक्ष नव्हतं."

"नवाच होता."

घरी वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "बोलले का हो?"

"शब्दन् शब्द. मला मध्ये आडून सुचवावंही लागलं नाही."

वहिनींनी हात पुढे केला. मास्तरांनी तिन्ही कार्डं त्यावर ठेवली. मग वहिनींनी चष्मा लावला, बँकेच्या अर्जाचं पान न् पान वाचलं, आणि सही केली.

हप्ते सुरू होऊन दीड वर्ष झालं. एकही चुकलेला नाही. मास्तर रविवारीही पाट्या रंगवतात, आणि त्यातली एक शेठच्या नव्या दुकानाची होती. तिचे पैसे त्यांनी चोख वाजवून घेतले, आणि ते अक्षर असं देखणं काढलं की त्या बाजारात दुसरी पाटी नजरेला येत नाही. तिच्याखालून जाताना ते अजून मान वर करत नाहीत.