एका दमाची ओळ

कुंडलिकतात्याला कुणी निवांत बूड टेकून बसलेलं पाहिलं असेल, तर त्यानं पुढं येऊन सांगावं. मी तरी पाहिलेलं नाही. वडगाव निंबाळकरात फवारणीचे पंप दुरुस्त करणारा हा सहासष्ट वर्षांचा माणूस. हातात पान्हा असला तरी पाय ठेका धरणार, जेवताना बोटं ताटाच्या काठावर चालणार. बनाबाई, त्याची बायको, म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय, आन् बोटास्नी बी."

बोटांना भिंगरी होती ती क्लॅरोनेटची. चाळीस वर्षं झाली, तात्या 'नाथकृपा हौशी बँड' चालवत होता. हौशी म्हणजे हौशीच. लग्नाची सुपारी घ्यायची नाही, वरातीत नोटा झेलायच्या नाहीत. वर्षातनं एकदा वडगावच्या नाथाच्या जत्रेत सकाळी पालखीपुढं वाजवायचं, ते पण फुकट. त्या एका सकाळसाठी वर्षभर तालीम. आता ह्याला कुणी वेड म्हणालं, तर म्हणू दे.

बँडात माणसं पाच, आणि पाचांची तोंडं चार दिशांना. तात्या आणि मोठा ढोल वाजवणारा सर्जेराव वडगावचे. साईड ड्रमवाला बिरदेव सुप्याचा. त्याची शेरडं आणि थोडी जिराईत जमीन. मोठा बाजा फुंकणारा विशाल इंदापूरचा, डाळिंबाच्या बागेतला. आणि ट्रंपेट दादासोचं. त्याचं भिगवणला हायवेवर मासळीचं हॉटेल. सगळ्यांना मधे पडतं म्हणून बारामतीत, मार्केटयार्डामागच्या एका पत्र्याच्या गोडाऊनात बुधवारी आणि ऐतवारी जमायचं. मोटारसायकली लागायच्या, चहा व्हायचा, आणि मग दोन तास पत्रे थरथरायचे.

मग पेट्रोल वाढलं. शंभरी ओलांडली तेव्हा दादासो म्हणाला, "वाढू द्या, आपण काय रोज जातोय?" पण त्याचा मासळीचा टेम्पो डिझेलवर, विशालचा फवारणीचा ट्रॅक्टर डिझेलवर, आणि घरातल्या बायका काय आंधळ्या नाहीत. बुधवार गेला. मग ऐतवार एकाआड एक झाला. मग बिरदेवचा फोन, "तात्या, गाडी रिझर्व्हला लागलीया, औंदा तेवढं सोडा." तात्या स्वतः उतार लागला की गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडायचा, आणि मागं बसलेला सर्जेराव ढोल कवटाळून देवाचं नाव घ्यायचा. एकदा असंच घरंगळत जाताना पुढं म्हशी आल्या. दोघं वाचले, ढोलाचं कातडं फाटलं.

विशालनं एकदा भीत भीत सुचवलं, "तात्या, दोन-चार लग्नं धरूया का? तेलपाण्याचं तरी सुटंल."

"मग हौशी शब्द पुसून टाक पाटीवरनं!" तात्या असा काही तडकला, की विशालनं तो विषय पुन्हा काढला नाही.

हे सगळं चाललं असताना गेल्या जत्रेत नको ते घडलं. नाथाच्या देवळाला अकरा पायऱ्या. पालखी बाहेर निघते तेव्हा भोई गाभाऱ्यातल्या देवाकडं तोंड करून उलटे उतरतात, कारण देवाला पाठ दाखवायची नाही. उलट्या पावलांनी उतरणाऱ्याला पायरी दिसणार कशी? म्हणून तात्याच्या वडलांनी एक चाल बांधली. चार ओळींची. त्यातली तिसरी ओळ सबंध एका दमात वाजवायची, आणि तिच्या एकेका ठोक्याला भोयांनी एकेक पाय खाली टाकायचा. पाय डोळ्यांनी नाही, कानांनी टाकायचे. ओळ संपते तिथं अकरावी पायरी संपते. तात्या बारा वर्षांचा असल्यापासून हेच बघत आला होता.

आणि गेल्या साली ती ओळ सातव्या पायरीवर तुटली. दोन भोई थांबले, दोन नाही थांबले. पालखी कलली, पालखीतला देवाचा मुखवटा कडेला घसरला, एका म्हाताऱ्या भोयाचं ढोपर फुटलं. आधी कोण थांबलं, हे कुणी उघड म्हणालं नाही. 

"प्रॅक्टिस न्हाय, दुसरं काय!" तात्या म्हणाला. "ह्या पेट्रोलनं घात केला." आणि वर्षभर त्यानं पेट्रोलच्या नावानं खडे फोडले. पंपावर गेला की पेट्रोल सोडणाऱ्या पोराशी पण हुज्जत घालायचा, जसं काय त्या पोरानंच भाव वाढवला होता.

यंदा जत्रा कमिटीच्या लीलाबाईंनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितलं. बाई भली, पण बोलायला रोखठोक. "तात्या, तुमचा मान हाय म्हणून यंदा तुमीच. पण पायऱ्यावर परत तसं झालं, तर पुढच्या साली डीजे. भोयांचं हातपाय मोडून घ्यायचं न्हाईत मला."

त्या दिवसापासून तात्याची झोप उडाली. जत्रा महिन्यावर आलेली, आणि माणसं चार दिशांना. शेवटी त्यानंच डोकं चालवलं. गोठ्याशेजारी बसून सगळी चाल क्लॅरोनेटवर वाजवली, बनाबाईनं समोर मोबाईल धरला, आणि ते रेकॉर्डिंग चौघांना धाडून दिलं. वर दम भरला, "रोज ह्याच्यासंगं घरी वाजवायचं. ह्यात हाय तसंच. तसूभर इकडंतिकडं न्हाय!" स्वतः मात्र एकदाही ऐकलं नाही. आपलं वाजवणं आपणच काय ऐकायचं?

जत्रेच्या आधीच्या ऐतवारी सगळ्यांनी कसंबसं तेल जमवलं आणि गोडाऊनात आले. तात्या पहाटेपासून घरात येरझाऱ्या घालत होता. तिथंही सगळ्यांच्या आधी जाऊन उभा. वाजवायला सुरुवात झाली आणि खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन ओळी ऐकून तात्याच्या अंगावर काटा आला. एकेकटे घरी बसून शिकलेले गडी, पण काय जुळले होते! मग तिसरी ओळ लागली. सातव्या ठोक्यावर सगळा बँड एकदम थांबला. दोन ठोके शांत. आणि पुन्हा सगळे एकदम सुरू.

"ए, ए, ए!" तात्यानं हात उभारले. "मधी का थांबलात रं?"

"रेकॉर्डिंगमधी हाय की," विशाल म्हणाला. "आमाला वाटलं, तुमी औंदा नवीन घातलंय."

"लई झ्याक वाटतंय पण," बिरदेवनं भर घातली. "मी तर त्या जागंला काडी उचलून धरतो."

"मी थांबलो? मी? अरं, सबंध ओळ एका दमात वाजवलीया मी!"

विशालनं मोबाईल काढला आणि लावला. पत्र्याच्या गोडाऊनात तात्याचं क्लॅरोनेट वाजू लागलं. सातव्या ठोक्यावर सूर विरला. मग श्वास ओढल्याचा मोठा आवाज, घरघरता. कुठंतरी म्हैस हंबरली. आणि मग उरलेली ओळ.

तात्या मोबाईलकडं बघत राहिला. सातवा ठोका. गेल्या साली पालखी कलली ती सातव्या पायरीवर. पण हे तो मनातसुद्धा पुरतं बोलला नाही. मोठ्यानं म्हणाला, "सर्दी झाल्ती मला तवा. ते पुसा. ओळ सलग हाय, सलगच वाजवायची."

"तात्या, हातात बसलंय आता," सर्जेराव म्हणाला. "चार-पाच प्रॅक्टिसा लागतील मोडायला."

चार-पाच! त्या एका दिवसाच्या तेलालाच प्रत्येकानं घरात बोलणी खाल्ली होती. विशालनं बाज्याला फडकं गुंडाळलं.

"तुमी येऊ नगा," तात्या म्हणाला. "मीच येतो."

आणि खरंच निघाला. सोमवारी पहिल्या एसटीनं, क्लॅरोनेट पिशवीत घालून, सुप्याला. बिरदेव शेरडं घेऊन माळाला गेलेला. त्याला तिथं गाठलं. ड्रम घरी होता म्हणून बिरदेवनं उपड्या बादलीवर काड्या धरल्या. तात्या वाजवायला लागला, तिसऱ्या ओळीला छाती ताणली, सातव्या ठोक्याशी आला आणि सूर फाटला. "परत," तात्या म्हणाला. परत तेच. "वारं हाय हितं," तो म्हणाला. बिरदेव बादलीकडं बघत म्हणाला, "व्हय, वारं हाय." पान हलत नव्हतं.

मंगळवारी इंदापूर. विशालनं बागेतलं काम टाकून तासभर दिला, शेवटी म्हणाला, "जमलं तात्या, जमलं." तात्याला ठाऊक होतं, काहीच जमलेलं नाही. परतताना एसटीत त्याला बसवेना. बाक मोकळे असून गडी दांडा धरून उभा राहिला. शेजारच्या बाईनं विचारलं, "आबा, बसा की," तर तिच्यावरच खेकसला. मग वाईट वाटून दाराशी जाऊन उभा राहिला.

बुधवारी भिगवण. दुपारची गिऱ्हाइकं नुकती गेलेली, दादासोचे हात कोपरापर्यंत मसाल्यात, समोर चिलापी माशांचा ढीग. तात्या भटारखान्याच्या मागं उभा राहिला आणि वाजवलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा खोकल्याची ढास लागली ती थांबेना. दादासोनं हात न धुताच पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तात्या," तो म्हणाला, "बिरदेव बोलायचा न्हाय, विशाल बोलायचा न्हाय. मी बोलतो. आमी चुकलो न्हाय. तुमचा दम तितं संपतोय. गेल्या साली बी तितंच संपला व्हता."

"थोबाड संभाळ!"

"संभाळतो. पण भोयांस्नी कोण संभाळणार?"

तात्या तांब्या तसाच ठेवून चालू लागला. हायवेच्या कडेनं, ट्रकांच्या धुरळ्यात, स्टँड मागं टाकून कितीतरी पुढं गेला. त्याला भयंकर राग आला होता. आधी दादासोचा, मग पेट्रोलचा, आणि मग, दोन-तीन फर्लांग गेल्यावर, राग धरायला कुणी उरलंच नाही. वर्षभर त्यानं ह्या चौघांना बोल लावला होता. शिव्या खाऊन, बायकांची बोलणी खाऊन, रिझर्व्हवर गाडी ढकलत आलेल्या माणसांना. आणि त्यातल्या एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

घरी आला तेव्हा बनाबाई लसूण सोलत होती. तो तिच्यासमोर उभाच राहिला. "तू मोबाईल धरला व्हतास. तुला कळलं न्हाय?"

"कळलं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी दुसऱ्यांदा वाजवलं असतं," ती मान वर न करता म्हणाली, "आन् दुसऱ्यांदा बी तितंच थांबला असता. मला परत बघवत न्हवतं."

तात्या खाली बसला. चांगला अर्धा तास बसला. एक पाकळी सोलली त्यानं, ती पण वाकडी. मग फोन लावला.

"दादासो. तिसरी ओळ तू उचल."

पलीकडं हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. "म्या? ती तुमच्या वडलांची ओळ हाय, तात्या."

"वडील काय पायऱ्या उतरणार न्हाईत आता. सलग उचल, एका दमात. बाकीच्यास्नी सांग, सातव्याला थांबायचं न्हाय, तुझ्याकडं कान ठेवायचा." आणि वर, "दुपारी बोललो ते इसर."

"कधी बोलला?" दादासो म्हणाला.

जत्रेच्या सकाळी देवळापुढं माणूस मावत नव्हतं. लीलाबाई पायऱ्यांच्या तळाशी, पदर खोचून, भोयांच्या पायांवर नजर ठेवून उभ्या. दादासोला ओळ दिल्यापासून एकही एकत्र तालीम झालेली नाही, चौघांच्या हातात तो थांबा मुरलेला, आणि आता ऐन वेळी दादासोचा भरवसा. पालखी उचलली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तात्यानं क्लॅरोनेट तोंडावरनं काढलं. बोटं मोकळी पडली ती कुठं ठेवावीत, त्याला कळेना.

दादासोचं ट्रंपेट उठलं. एक, दोन, तीन. भोयांची उलटी पावलं खाली येऊ लागली. पाच, सहा. बिरदेवची काडी सवयीनं वर गेली, क्षणभर अडली, आणि दादासोचा सूर पुढं निघालेला ऐकून सपकन खाली आली. सात. आठ. नऊ. दादासोची मान लालबुंद, गळ्याची शीर टरारलेली, पण सूर सरळ. अकराव्याला पालखी सपाट जमिनीवर आली आणि गर्दीनं "चांगभलं!" म्हणून आरोळी ठोकली. लीलाबाईंनी डोळे पुसले.

चौथी ओळ तात्याची होती. ठरलंच होतं तसं. पण तो ऐकत राहिला. चाळीस वर्षांत त्याचा बँड त्यानं कधी ऐकला नव्हता. तो कायम आतच असायचा. ढोल असा घुमतो? विशालचा बाजा खालनं असा आधार देतो? क्लॅरोनेट ओठाला लावायचं राहूनच गेलं. चौथी ओळ त्याच्याविना, दादासोच्या ट्रंपेटवरच सुरू झाली, त्याच्याविना पुढं सरकली, आणि कुणी थांबलं नाही. हे थांबेल, बंद पडेल, म्हणून वर्षभर त्याच्या जिवाला घोर होता. आणि आता ते थांबत नव्हतं.

गर्दीनं त्याला बाजूला लोटलं. पालखी पुढं गेली, बँड पुढं गेला, वळणावर सर्जेरावचा ढोल तेवढा दिसत राहिला. तात्याला रडू आलं. आनंदाचं म्हणावं, तर छातीत काहीतरी चांगलंच दुखत होतं. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, आणि लोकांच्या मागं मागं, बाकीच्या गावासारखाच, चालू लागला.