औषधं: काही नाही

मेडिकलला मी दुसऱ्या खेपेला लागले. पहिल्या वर्षी नीटमध्ये मार्क कमी पडले, म्हणून वर्षभर कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातल्या एका क्लासला जाऊन पुन्हा परीक्षा दिली. मी आठवीत असताना बाबांची बँकेतली बदली इथे झाली होती. प्रवेशही इथल्याच एका सरकारी कॉलेजात मिळाला. क्लासमध्ये मी एक गोष्ट फार छान शिकले होते. प्रश्न पुरता वाचायच्या आधीच चारांतले दोन पर्याय उडवून टाकायचे. आई पुण्याच्या मावशीला फोनवर "आमची डॉक्टर" म्हणू लागली. मी तिला एकदाही थांबवलं नाही.

तिसऱ्या वर्षी बायकांच्या वॉर्डात आमची पोस्टिंग लागली. प्रत्येकाने एका पेशंटशी बोलून तिच्या आजाराची सगळी हकीकत लिहायची आणि राउंडला सरांसमोर मांडायची. मला साठीच्या एक बाई मिळाल्या. चेहरा कागदासारखा पांढरा, चार पावलं चालल्या तरी धाप लागायची. इथे अशा बायकांना माशीमा म्हणतात, म्हणजे मावशीच. शाळा मी हिंदी-इंग्रजीवर निभावली होती. माझं बंगाली ऑटोवाल्याशी बोलण्यापुरतं. परक्या बाईला शौचाचा रंग विचारायचा म्हटलं की शब्दच सापडेनात. माझ्या बंगाली मैत्रिणीने त्यांना आदल्या दिवशी थोडंफार विचारलं होतं. मी खाटेजवळ उभी राहून तिच्या वहीतलं उतरवून घेतलं. औषधांची जागा तिने कोरी सोडली होती. तिथे मी माझ्या मनाने लिहिलं, 'काही नाही'.

राउंडला सरांनी नेमकं तेच विचारलं.

"कुठली औषधं घेतात?"

"काही नाही, सर."

"विचारलंस?"

"हो सर. नाही म्हणाल्या."

सर वाकले आणि बंगालीत बाईंशी बोलू लागले. गुडघे दुखतात का, त्यावर काही घेता का? बाईंनी उशीखालच्या पिशवीतून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली. गल्लीतल्या औषधवाल्याकडून आणलेली दुखण्याची गोळी, रोज दोन, तीन वर्षं. पोटात आतल्या आत रक्त जात होतं ते बहुधा त्यानेच. सर चिडले, पण माझ्यावर नाही.

"या मुलीने विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? तुम्ही लपवलंत तर आम्ही इलाज काय करणार?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं आता.

"विसरले, डाक्टरबाबू," त्या म्हणाल्या.

सर पुढच्या खाटेकडे वळले. मीही त्यांच्या मागे गेले. एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? माझे कान तापले होते, आणि तरी सुटल्यासारखंही वाटत होतं, हे लिहायला आजही जड जातं.

दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला मायेनं सांभाळून घेतलं, असं समजून मी मनात आभाराची वाक्यं जुळवत आले होते. स्टुलावर बसून मोडक्या बंगालीत म्हटलं, "माशीमा, चूक माझी होती. तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज बारीक केला. "उद्या रक्त काढायला तुम्हीच येणार ना दीदी? तुम्हाला राग आला असता तर माझ्याकडे कोणी बघितलं असतं?"

म्हणजे ती माया नव्हती. त्या मला घाबरल्या होत्या. धड सुई टोचता न येणाऱ्या मला.

सरांना सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. त्यांच्या खोलीच्या दारातून दोनदा परत फिरले. शेवटी सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी त्यांना उगीच बोललो," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राउंडला ते थेट त्या खाटेशी थांबले. आम्हा दहा-बाराजणांच्या देखत हात जोडून म्हणाले, "माशीमा, त्या दिवशी मी तुम्हाला बोललो ते चुकलं. तुम्हाला कोणी विचारलंच नव्हतं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. बाई गडबडून पदर सावरत उठायला लागल्या. बोलायची पाळी माझी होती आणि मी नर्सच्या ट्रॉलीकडे बघत उभी राहिले.

त्या दुपारी मी कोरे कागद घेऊन त्यांच्यापाशी बसले. अडलं तिथे शेजारच्या खाटेवरची मुलगी शब्द पुरवत होती. एस्प्लनेडजवळच्या एका हॉटेलात त्या वीस वर्षं पोळ्या लाटत होत्या, दिवसभर उभ्याने. गोळी घेतली नाही तर संध्याकाळी बसची पायरी चढवत नसे. बोलताना त्या हळूहळू मोकळ्या झाल्या, पण मला शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिल्या.

आठवड्याने त्यांना घरी सोडलं. त्या दिवशी मी लेक्चरला होते.