सत्तेचाळिसाव्या पानावरचा अंगठा

"आधी पानांना नंबर घाला, भाऊसाहेब. मग मी फाइल उघडते."

दर गुरुवारी मॅडमचं पहिलं वाक्य हेच. रुमाल काढून हात पुसायच्या आणि माझे नंबर घालून होईपर्यंत स्टुलावर बसून राहायच्या. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "नंबर नसलेलं पान पळून जातं हो. आणि कधी नव्हतं ते पान मागनं येऊन बसतं." मी हसायचो. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये हसण्यासारखं तेवढंच होतं.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. तुमच्यापैकी ज्यांनी कधी सरकारी कागद मागितलाय, त्यांना ते नावाशिवायही कळेल. माहिती अधिकारात कागद बघायला येणारी माणसं बहुतेक भांडायलाच येतात. मॅडम वाचायला यायच्या. कायदा शिकवायच्या, सांगवीहून दोन बस बदलून इकडे चाकण रोडला यायच्या. सरकारी खर्चाला जाब कसा विचारायचा, यावर त्यांचा प्रबंध चालला होता.

"एवढं वाचून होतं काय, मॅडम?" मी एकदा विचारलं.

"बिल निघालं की नाही, हे सगळे बघतात. वस्तू कुणाच्या हातात पडली, ते कुणी बघत नाही. मी तेवढंच बघते." मग माझा डबा बघून म्हणाल्या, "परत बटाटा? तुमच्या डब्याचंसुद्धा ऑडिट लावलं पाहिजे." आणि स्वतःच्या डब्यातली मेथी माझ्या झाकणात वाढली.

त्या कशासाठी येतात ते मला सहा महिन्यांनी कळलं. कुरुळीच्या पुढे ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ठेकेदाराचा एक कामगार गुदमरून मेला होता. तो त्यांचा धाकटा भाऊ. चौकशी अहवालात एक ओळ होती: 'सुरक्षा साधने पुरविली होती, मयताने निष्काळजीपणे वापरली नाहीत.'

"आमचे वडील जन्मभर कंपनीत लेथवर होते. निष्काळजी म्हणून एक मेमो नाही त्यांना," मॅडम म्हणाल्या. "मला बाकी काही नको. ते आहेत तोवर ही ओळ खोडलेली त्यांना दिसली पाहिजे."

साधनं दिल्याचा पुरावा म्हणजे वाटपाचं रजिस्टर. एका गुरुवारी त्यांनी तेच मागितलं. नंबर घालता घालता सत्तेचाळिसाव्या पानावर माझा हात थांबला. पण नंबर घातला.

त्या पानावर मास्क आणि बेल्ट मिळाल्याच्या सगळ्यांच्या सह्या होत्या. त्यांच्या भावाच्या नावापुढे अंगठा होता.

मॅडमनी पर्समधून त्याचं बँकेचं पासबुक काढून शेजारी ठेवलं. त्यावर लांबलचक, झोकदार सही होती. "आयटीआय झाला होता हो तो. काम मिळेना म्हणून गटारात उतरला. सहीची इतकी हौस, की आहेराच्या पाकिटावरसुद्धा सही ठोकायचा." माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हा अंगठा कुणाचा, भाऊसाहेब?"

"मला काय माहीत, मॅडम."

त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. इतकी हुशार बाई, आणि माझ्यावर विश्वास ठेवला, याचा मला आजही राग येतो.

माणूस मेला त्याच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत ते रजिस्टर कोरंच होतं. मास्क नव्हते, बेल्ट नव्हते, फक्त बिल होतं. साहेबांनी बाकीच्या कामगारांना बोलावून सह्या घेतल्या. मेलेल्याची जागा रिकामी राहिली. साहेब म्हणाले, "गटारात उतरणाऱ्याला सही कुठली येतेय? उठवा अंगठा." शाईचं पॅड माझ्या टेबलावर होतं. माझ्याकडे कारणं पुष्कळ आहेत, पण ती तुम्हाला ऐकवायची मला लाज वाटते.

ठशाची तपासणी व्हावी म्हणून मॅडमनी अर्ज केला. तारखांवर तारखा पडत गेल्या. मधल्या काळात त्या डोक्याला स्कार्फ बांधून यायला लागल्या, डबा आणेनाशा झाल्या. प्रबंध विद्यापीठात दिला आणि तोंडी परीक्षेआधीच गेल्या. अर्जदार हयात नाही म्हणून अर्ज निकाली निघाला. तो शेरा फाइलला मीच लावला आणि पानाला नंबर घातला.

मागच्या महिन्यात त्यांचे वडील आले. "जयभीम, साहेब. पोरीनं हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." प्रबंधाची बांधीव प्रत होती. ते त्याच स्टुलावर बसले, पाणी प्यायले.

"ती ओळ निघाली का हो?"

"काम चालू आहे, काका," मी म्हणालो.

ते गेल्यावर प्रत उघडली. आभाराच्या पानावर शेवटी लिहिलं होतं: 'रेकॉर्ड रूममधल्या भाऊसाहेबांनी माझ्यापासून एकही पान लपवलं नाही.'

आमच्याकडे आता हजेरी मशीनवर लागते. माझा डावा अंगठा नोंदवलेला आहे, तोच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दुसरं बोट लावून बघितलं. मशीन घेत नाही.