गमनाचा घोळ

शेजारच्या अक्का लग्न होऊन उदगीरहून इकडं कर्नाटकात, बीदरजवळ आल्या, पण कानडी अजून त्यांच्या डोक्यावरूनच जाते. स्वतः तीन कामं एकदम काढतात, दूध उतू घालवतात, आणि लेकीला म्हणतात, "एका जागी बूड टेकत न्हाई."

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. म्हणून त्यांच्या चौथीतल्या लेकीची शिकवणी माझ्याकडं. बीदरच्या डॉक्टरांनी एडीएचडी असं नाव सांगून माझ्यासमोर समजावलं होतं, हा आळस नव्हे, पोरीला हिंडत-फिरत, थोडं थोडं करू द्या. अंगणात फेऱ्या मारत ती गणितं बरोबर सांगते. पण अक्कांना पटेल तर ना! यंदा मार्क पडले नाहीत तर शाळा बंद, हे त्यांनी ठरवूनच टाकलंय.

परवा शाळेतल्या कानडी बाई त्यांना मोडक्या मराठीत म्हणाल्या, "हिच्या गमनाचाच त्रास आहे." संध्याकाळी मी गेले, तर पोरीचा पाय ओढणीनं पलंगाला बांधलेला.

"अक्का, हे काय करायलाव?"

"बाईच म्हणल्या, गमनाचा त्रास हाय. आता कुठं गमन करतीय बघू!"

"अहो, कानडीत गमन म्हणजे लक्ष!"

"मग तेच की! हिंडायची थांबली की लक्ष लागंल. बघ, कशी गप बसलीय."

पोरगी खरंच गप होती. वही बाजूला पडली होती. जीभ दातांत धरून, कधी नव्हे इतक्या एकचित्तानं, ती पायाची गाठ सोडवत होती.